ऊसतोड टोळीतील माणसांच्या आरोग्यासाठी सीमाभागातील शेतकऱ्याने काय करावे?

दूधगंगाकाठ (चिकोडी तालुका):

नमस्कार. माझी चिकोडी तालुक्यात दूधगंगेच्या काठी चार एकर ऊसशेती आहे. दरवर्षी गळीत हंगाम सुरू झाला की बीड जिल्ह्यातील एक टोळी आमच्या शिवारात येते आणि आमच्या विहिरीजवळच्या पडीक तुकड्यावर कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, घालून राहते. ती जागा वडिलांच्या काळापासून टोळीसाठीच सोडलेली आहे. गेल्या हंगामात बारा कोयते, म्हणजे बारा जोडपी, आणि त्यांची लहान मुले मिळून जवळजवळ चाळीस माणसे तिथे होती.

जानेवारीत एके दिवशी टोळीतील एक बाई मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून चढत असताना चक्कर येऊन खाली बसली. ती सात महिन्यांची गरोदर आहे, हे मला त्या दिवशी प्रथमच कळले. मी 108 ला फोन केला, परंतु आमच्याकडे दोन्ही राज्यांचे टॉवर लागत असल्यामुळे तो पलीकडच्या केंद्राला लागला आणि पत्ता समजावून सांगण्यातच वेळ जाऊ लागला. शेवटी मी तिला माझ्याच गाडीतून सरकारी दवाखान्यात नेले. तिचे हिमोग्लोबिन 7.6 निघाले. तिथल्या सिस्टरनी तपासणीचे कार्ड मागितले, तर ते गावाकडे पेटीत राहिले होते. आमच्या गावच्या आशाताईंच्या वहीत तिचे नाव नव्हते, कारण ती आमच्या गावची नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा फडात उभी होती. मी मुकादमाला, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराला, विचारले, तेव्हा तो म्हणाला की ती घरी बसली तर खाडा, म्हणजे कामावर न आल्याचा दंड, धरावा लागेल. त्यावर काय बोलावे आणि बोलण्याचा आपल्याला अधिकार आहे की नाही, हे न सुचल्यामुळे मी गप्प बसलो. फेब्रुवारीत टोळी दुसऱ्या गटाच्या फडाकडे हलली आणि पुढे तिचे काय झाले, ते मला कळले नाही.

ती गोष्ट माझ्या मनातून जात नाही, म्हणून हा धागा काढत आहे. माणसे महाराष्ट्राची, शिवार कर्नाटकातले, करार कारखान्याचा आणि मुकादमाचा. अशा स्थितीत या माणसांना आपल्या बाजूच्या सरकारी यंत्रणेतून काय मिळू शकते आणि ते मिळवून देण्यासाठी माझ्यासारख्याने हंगामापूर्वी कोणती तयारी करावी? आरोग्य खात्यात काम केलेल्यांनी आणि स्वतः या कामातून गेलेल्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.


निवृत्त आरोग्य सहायिका (निपाणी):

दादा, तुम्ही त्या बाईला दवाखान्यापर्यंत नेलेत, ते योग्यच केलेत. मी निपाणी आणि चिकोडी भागात तीस वर्षे गावोगाव फिरले आहे, त्यामुळे तुमच्या प्रश्नाचे पहिले उत्तर स्पष्टपणे देते. गरोदर बाईची तपासणी, बाळाचे लसीकरण आणि क्षयरोगाचा उपचार या तिन्ही गोष्टींसाठी ती व्यक्ती कोणत्या राज्याची आहे, हा प्रश्न येतच नाही. ज्या गावच्या हद्दीत ती आज राहते, तिथल्या उपकेंद्राने तिची नोंद करून घ्यायची असते. अडचण अशी की आशाताईंची वही घरांच्या क्रमाने चालते आणि कोपी हे घर समजले जात नाही. गावाबाहेर, ओढ्यापलीकडे किंवा कारखान्याच्या अड्ड्यावर उतरलेली माणसे त्या वहीत आपोआप येत नाहीत. कोणीतरी त्यांना तिथे आणावे लागते, आणि हे काम शेतमालकाइतके सहज दुसऱ्या कोणाला जमत नाही.

टोळी उतरल्यापासून पहिल्या आठ दिवसांत संध्याकाळी, माणसे फडातून परत आल्यावर, आशाताई आणि अंगणवाडी ताईंना सोबत घेऊन कोप्यांवर जा. सकाळी गेलात तर म्हाताऱ्या आणि लेकरांखेरीज कोणी भेटणार नाही. किती गरोदर आहेत, पाच वर्षांखालची मुले किती आहेत, कोणाला क्षयरोगाचे, मधुमेहाचे किंवा फिट्सचे औषध चालू आहे, एवढे विचारून घ्या. चाळीस माणसांसाठी एक तासही लागत नाही.

गरोदर बाईंविषयी थोडे अधिक लिहिते. गरोदरपणात हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेले की रक्तक्षय धरतात आणि 7 च्या खाली गेले की तो तीव्र रक्तक्षय. 7.6 असलेली बाई त्या काठावरच उभी होती. अशा वेळी केवळ लोहाच्या गोळ्या हातात देऊन पाठवू नये. बाळंतपण जवळ आले असेल तर शिरेतून लोह देण्याचा विचार डॉक्टरांनी करायचा असतो, आणि तो तालुका रुग्णालयात मोफत होतो. एरवी लोह आणि फॉलिक ॲसिडची रोज एक गोळी, किमान 180 दिवस, असा नियम आहे. गोळी चहाबरोबर घेतली तर लोह अंगी लागत नाही, आणि फडात तर दिवसभर बिनदुधाचा चहाच चालतो. म्हणून गोळी रात्री जेवणानंतर घ्यायला सांगावी, हे मी अनुभवाने शिकले. प्रत्येक महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली सरकारी रुग्णालयांत डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते. ही तारीख मुकादमाला आधीच सांगून ठेवली तर त्या दिवसाचा खाडा न धरण्यावर बोलता येते.

आपल्या कर्नाटकात 2 ऑक्टोबर 2017 पासून मातृपूर्ण योजना आहे, तिच्यात गरोदर आणि स्तनदा मातेला अंगणवाडीत दुपारचे गरम जेवण मिळते. फडातल्या बाईला दुपारी अंगणवाडीपर्यंत येणे जमत नाही, हे मला माहीत आहे. पण नाव नोंदलेले असले तर पुढचे बोलणे सुरू होते; नाव नसले तर ताईंच्याही हातात काही नसते.

लसीकरणाचे कार्ड गावी राहिले म्हणून बाळाला परत पाठवणे चुकीचे आहे. आईला विचारून आणि दंडावरचा बीसीजीचा व्रण पाहून लसी कुठवर आल्या त्याचा अंदाज घेता येतो आणि राहिलेल्या लसी वयानुसार देता येतात. नवव्या महिन्याची आणि दीड वर्षाच्या सुमाराची गोवर-रुबेलाची लस या मुलांची हमखास चुकते, कारण तेवढ्यात एकदा तरी गाव बदललेले असते. आता यू-विन या पोर्टलवर नोंद केली तर ती देशात कुठेही दिसते, म्हणून पोर्टलवर नोंद करण्याचा आग्रह धरा. क्षयरोगाचेही तसेच आहे. निक्षय या सरकारी क्षयरोग पोर्टलवरचा क्रमांक असलेल्या रुग्णाचा उपचार एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात वर्ग होतो, आणि पोषणासाठी दरमहा मिळणारी रक्कम नोव्हेंबर 2024 पासून 500 ची 1000 रुपये झाली आहे. माझ्या नोकरीत मी असा एक तरुण पाहिला, ज्याने दोन महिने औषध घेतले, खोकला थांबला, म्हणून डबा गावी ठेवून तो कोयता घेऊन इकडे आला. सहा महिन्यांचा उपचार असा अर्ध्यावर सुटला की जंतू औषधाला दाद देईनासा होतो, आणि त्याच कोपीत लहान लेकरेही झोपत असतात.


फडातली लेक (मूळ बीड जिल्हा, सध्या बेळगाव):

मी या मंचावर सहसा वाचते, लिहीत नाही. माझे आईवडील अठरा वर्षे कोयत्यावर गेले, आणि त्यांतले सहा हंगाम मी त्यांच्याबरोबर अथणी आणि रायबाग भागातील कोप्यांत काढले आहेत. आता मी बेळगावात नर्सिंगचे शिक्षण घेते. वरच्या ताईंनी सांगितलेले सगळे बरोबर आहे, परंतु ज्या एका शब्दावर दादा थांबले, त्या खाड्याविषयी मला लिहायचे आहे, कारण आमच्या बायकांचे बहुतेक आजार तिथून सुरू होतात.

हंगामापूर्वी मुकादम जोडप्याला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. ती लग्नासाठी, घरासाठी, आजारपणासाठी किंवा नुसती पावसाळा काढण्यासाठी आधीच खर्च झालेली असते. मग पाच-सहा महिने ऊस तोडून ती फेडायची. हिशेब कोयत्याचा असतो आणि कोयता म्हणजे नवरा-बायको दोघे. नवरा तोडतो; बायको पाचट काढते, मोळी बांधते आणि डोक्यावरून ट्रॉलीत नेऊन टाकते. दोघांपैकी एक बसला की दुसऱ्याचेही काम मोडते, म्हणून एकाच्या आजारपणाचा खाडा दोघांवर लागतो. आमच्या टोळीत तो दिवसाला पाचशे रुपये होता. म्हणजे पाळीच्या दुखण्याने बाई दोन दिवस कोपीत पडली तर हजार रुपये उचलीत वाढले, आणि डॉक्टरची फी आणि औषधे निराळी. उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे यावे लागते.

हे समजून घेतल्याशिवाय गर्भपिशवीच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न कळत नाही. 2019 साली महाराष्ट्र सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. बीड जिल्ह्यात 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली, आणि त्यांत 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्या बातम्या आल्या तेव्हा पुष्कळ लोक म्हणाले की या बायका अडाणी आहेत. माझी मावशी त्या बायकांपैकीच एक आहे आणि ती अडाणी नाही. अंगावरून पांढरे जात होते, ओटीपोट दुखत होते, तीन वेळा दाखवून झाले होते आणि प्रत्येक वेळी खाडा पडला होता. चौथ्या वेळी एका खासगी डॉक्टरांनी सांगितले की पिशवी खराब झाली आहे, पुढे कर्करोग होईल, काढून टाकली की कायमची सुटका. तिने हिशेब केला आणि ती तयार झाली. तेव्हा ती तिशीतही नव्हती. आता तिची कंबर आणि सांधे दुखतात, अंगातून वाफा निघाल्यासारखे होते, झोप लागत नाही, आणि मोळी मात्र तेवढीच उचलावी लागते. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षी मला कळले की पांढरे जाणे हा बहुतेक वेळा जंतुसंसर्ग असतो आणि तो गोळ्यांनी बरा होतो. एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी लागू करावीत, असा आदेश दिला आहे. तेव्हा तुमच्या शिवारातील एखादी बाई पिशवी काढायला निघाली असे कळले, तर तिला आधी सरकारी रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञांचे दुसरे मत घ्यायला न्या. अडवू नका, रागावू नका. फक्त सोबत चला आणि त्या दिवसाच्या खाड्याचे मुकादमाशी बोला.

तो संसर्ग का होतो, हेही सांगते, कारण इथे शेतमालकाला खरोखर काही करता येते. बायका पहाटे चारच्या अंधारात फडात जातात आणि दिवसभर आडोसा नसल्यामुळे लघवीला जावे लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत. पाळीचे कापड दिवसभर बदलता येत नाही. ते धुवायला पाटाचे पाणी आणि वाळवायला कोपीच्या आतला अंधार, कारण उघड्यावर वाळत घालायची लाज वाटते. आंघोळ तर रात्रीच, चार लुगडी बांधलेल्या आडोशात. मला आठवते, अथणी तालुक्यातील एका शेतकऱ्याने आमच्या कोप्यांजवळ चार पत्रे उभे करून न्हाणी केली होती आणि विहिरीवरून एक पाइप सोडला होता. दिव्याची एक वायरही ओढली होती. त्या वर्षी आई हसत असे. इतर पाच हंगामांतली तिची आठवण मला हसताना येत नाही.

मुलांविषयी एकच सांगते. आठ-नऊ वर्षांची मुलगी कोप्यांवरची तीन-चार लेकरे सांभाळते, भाकरी भाजते आणि पाणी भरते. अंगणवाडीने लहान लेकरांना घेतले की ती मुलगी मोकळी होते. ती शाळेत गेली की तिचे लग्न लांबते, आणि लग्न लांबले की पंधराव्या वर्षी ती अर्धा कोयता होत नाही. हे सगळे एकमेकांत गुंतलेले आहे.


वेदगंगा:

सर्वांचे अनुभव वाचून वाईट वाटले, तरी एक गोष्ट नोंदवतो आणि ती कोणावर रोष म्हणून नाही. आज ऊस वेळेवर तुटावा म्हणून शेतकरी आधीच खुशाली, म्हणजे तोडणीसाठीचे वरचे पैसे, देतो, तोडणीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या चिटबॉयच्या मागे फिरतो आणि बिलाची वाट पाहतो. टोळी कारखान्याच्या करारातून येते. मग दवाखाना, न्हाणी, पाणी हे सगळे शेतकऱ्याच्या गळ्यात का? आपण करू लागलो की ज्यांची जबाबदारी आहे ते निर्धास्त होतील, अशी मला भीती वाटते.


सीमेवरचा वकील (चिकोडी):

आपली शंका रास्त आहे, आणि कायदाही आपल्याच बाजूने बोलतो. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी 1979 साली केंद्राचा स्वतंत्र कायदा झाला. त्यात राहण्याची सोय, विनामूल्य वैद्यकीय सोय, अंगावरचे संरक्षक कपडे आणि स्त्री-पुरुषांना समान वेतन ही कंत्राटदाराची जबाबदारी ठरवली होती. कंत्राटदाराने सोयी दिल्या नाहीत तर त्या मुख्य मालकाने द्यायच्या होत्या. गंभीर अपघात झाला तर दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांना आणि जवळच्या नातेवाइकांना कळवणे बंधनकारक होते. आपल्यासारख्या सीमेवरच्या भागासाठी या शेवटच्या कलमाइतके उपयोगी दुसरे कलम नव्हते, आणि व्यवहारात तेच सर्वांत कमी पाळले गेले. आता या कायद्याची जागा 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीविषयीच्या संहितेने घेतली असून ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. जुन्या कायद्यात पाच स्थलांतरित कामगारांची मर्यादा होती, नव्या संहितेत ती दहा आहे. बारा कोयत्यांची टोळी दोन्हीकडे बसते.

मुकादम हा कायद्याच्या भाषेत कंत्राटदार आणि कारखाना हा मुख्य मालक, असे आमचे म्हणणे असते. कारखाने ते सहजासहजी मान्य करत नाहीत. करार तोडणी-वाहतूकदाराशी आहे, मजुराशी नाही, असे उत्तर मिळते. म्हणून कामगार खात्याकडे द्यायच्या अर्जात टोळी कोणत्या कारखान्याचा ऊस तोडत होती त्याची चिठ्ठी किंवा वजनाची पावती जोडावी. ही पावती शेतकऱ्याकडे असते, मजुराकडे नसते. तेव्हा शेतकऱ्याने खर्च करावा की नाही हा त्याच्या मनाचा प्रश्न आहे. पण ही पावती त्याने मजुराला द्यावी, एवढे मी नक्की म्हणेन.

आणखी एक गोष्ट. विजयपूर आणि कलबुर्गी भागातील तांड्यांवरून येणाऱ्या टोळ्या कर्नाटकातल्याच असल्यामुळे त्यांना आंतरराज्य कामगारांसाठीची ही कलमे लागत नाहीत, आणि महाराष्ट्राने ऊसतोड कामगारांसाठी स्थापन केलेल्या गोपीनाथ मुंडे महामंडळाचे ओळखपत्रही त्यांना मिळत नाही. फड तोच, कोयता तोच. आमच्या बाजूला या बंजारा बायाबापड्यांविषयी बोलणारे फार कमी लोक आहेत.


रेशनवाला (हुक्केरी तालुका):

थोडक्यात लिहितो. महाराष्ट्राचे अन्नसुरक्षा यादीतील शिधापत्रिकाधारक कर्नाटकातील कोणत्याही रास्त भाव दुकानात बोटाचा ठसा देऊन केंद्राच्या योजनेतील धान्य उचलू शकतात. पत्रिका गावी असली तरी चालते, तिचा क्रमांक किंवा आधार क्रमांक पुरेसा असतो. कुटुंबातील अर्धी माणसे गावी असतील तर त्यांनी तिकडे थोडे आणि यांनी इकडे थोडे, असेही घेता येते. दुकानदार साठा संपल्याचे सांगतो असा अनुभव पुष्कळांना येतो, म्हणून महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जावे. कोयता थांबवून दुपारी येणे त्यांना शक्य नसते. मी ओळखीच्या टोळ्यांसाठी रात्री आठनंतर अर्धा तास दुकान उघडे ठेवतो.


अथणीचा डॉक्टर:

मी अथणी भागात सामान्य वैद्यकीय व्यवसाय करतो आणि हंगामात रोज संध्याकाळी टोळ्यांमधील रुग्ण पाहतो. स्त्रियांच्या आरोग्याविषयी वर उत्तम लिहिले गेले आहे, म्हणून मी ऊन, साप आणि डोळा या तीनच विषयांवर लिहितो.

फेब्रुवारीच्या अखेरीपासून पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, आमच्याकडे ऊन चढते आणि पाचटाच्या फडात वारा नसतो. दिवसभर घाम गाळून पुरेसे पाणी न पिणारा माणूस संध्याकाळी अंगदुखी, पायात गोळे आणि डोकेदुखी घेऊन येतो, आणि जवळच्या कोणाकडून तरी वेदनाशामक इंजेक्शन घेऊन दुसऱ्या दिवशी उभा राहतो. पाणी कमी आणि वेदनाशामके रोज, हा मूत्रपिंडांसाठी अत्यंत घातक संयोग आहे. मध्य अमेरिकेतील निकाराग्वा आणि एल साल्वादोर या देशांत ऊस तोडणारे तरुण पुरुष मधुमेह किंवा रक्तदाब नसताना मूत्रपिंड निकामी होऊन मरू लागले, तेव्हा उष्णता आणि शरीरातील पाणी वारंवार कमी होणे ही त्याची मुख्य कारणे असल्याचे अभ्यासकांना दिसून आले, आणि तिथल्या काही मळ्यांनी सावलीतील ठरावीक विश्रांती व पाणी यांची पद्धत सुरू केली. आमच्या फडातही ते जमण्यासारखे आहे. बांधावर झाडाखाली झाकलेली पिण्याच्या पाण्याची टाकी असावी. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून पाजावे. दुपारी बारा ते तीन तोडणी थांबवून पहाटे आणि संध्याकाळी काम करावे. लघवी गडद चहासारखी होत असेल किंवा दिवसभर झालीच नसेल, तर ते दुखणे अंगावर काढू नये आणि वेदनाशामक तर मुळीच घेऊ नये.

साप हा दुसरा विषय. उंदरांच्या मागे साप फडात येतात. नाग आणि घोणस तोडणी करताना हाताला-पायाला चावतात. मण्यार मात्र रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो आणि त्याच्या दंशाची खूणही नीट दिसत नाही. पहाटे पोटात कळ, पापण्या मिटू लागणे, बोलणे जड होणे अशी लक्षणे दिसली तर उलटीची गोळी देत बसू नये; तो सर्पदंश समजून निघावे. दंशाची जागा कापू नये, घट्ट आवळून बांधू नये, मांत्रिकाकडे जाऊ नये. पायाला किंवा हाताला लाकडी पट्टी लावून तो स्थिर ठेवावा आणि जिथे प्रतिसर्पविष आहे, त्या सरकारी रुग्णालयाकडे थेट न्यावे. हंगामाच्या सुरुवातीलाच आपल्या जवळच्या आरोग्य केंद्रात ते आहे का, रात्री डॉक्टर असतात का, हे विचारून ठेवा. कागवाड भागातून मिरजेचे शासकीय रुग्णालय जवळ पडते आणि चिकोडीच्या काही गावांना कोल्हापूरचे सीपीआर हे सरकारी रुग्णालय. अशा वेळी राज्याची हद्द पाहू नये. फेब्रुवारी 2024 पासून कर्नाटकात सर्पदंशाची नोंद सरकारकडे कळवणे रुग्णालयांना बंधनकारक आहे, त्यामुळे नोंद करून घ्या. पुढे भरपाईचा अर्ज करताना ती उपयोगी पडते. कोपीत झोपणाऱ्यांना बाज आणि गादीखाली खोचलेली मच्छरदाणी मिळाली, तरी मण्यारच्या घटना कमी होतात.

डोळ्यांविषयी कोणी बोलत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. उसाच्या पातीची धार बुबुळावर ओरखडा काढते आणि पाचटावरची बुरशी त्यात शिरते. माणूस दुकानातून मिळेल ते थेंब आणतो. पुष्कळदा त्यांत स्टेरॉइड असते, लाली उतरते, बरे वाटते आणि आत बुरशी वाढत राहते. बुबुळावर पांढरा ठिपका दिसू लागेपर्यंत दृष्टी गेलेली असते. डोळ्याला पात लागली तर स्वच्छ पाण्याने धुऊन त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे, आणि मधल्या काळात कोणतेही थेंब घालू नयेत. साधा पारदर्शक चष्मा वापरला तर हे टळते. मी गेली तीन वर्षे चष्मे वाटतो. घामाने काच धूसर होते म्हणून पुरुष तो काढून ठेवतात, पण पाचट सोलणाऱ्या बायका वापरतात.

कोयत्याच्या जखमेवर हळद किंवा माती न भरता ती वाहत्या पाण्याने धुऊन धनुर्वाताची लस घ्यावी, हे सर्वांना ठाऊक असले तरी पुन्हा लिहितो.


दूधगंगाकाठ (चिकोडी तालुका):

सर्वांचे मनापासून आभार. बेळगावच्या ताईंचे लिखाण मी घरी आईला वाचून दाखवले. ऐकून झाल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग म्हणाली की विहिरीजवळ जुन्या गोठ्याचे पत्रे पडून आहेत, ते न्हाणीला लाव.

वेदगंगा दादांचा मुद्दा मला पटतो, आणि वकील साहेबांनी सांगितल्याप्रमाणे वजनाच्या पावत्यांच्या प्रती मी या वर्षीपासून मुकादमाकडे न देता प्रत्येक कोयत्याला देणार आहे. परंतु कारखान्याने जबाबदारी घेईपर्यंत पाण्याची टाकी थांबवून ठेवणे मला जमणार नाही. गावातील आम्ही पाच शेतकरी मिळून असे ठरवत आहोत की आमच्या पाच जणांच्या फडांत गरोदर बाईने मोळी वाहायची नाही. तिच्या वाटणीची भरणी आमच्या घरची माणसे करतील, म्हणजे कोयत्याचे टन कमी पडणार नाहीत आणि मुकादमाला खाडा धरण्याचे कारण उरणार नाही. खुशालीचे पैसे आम्ही देतोच. ते मुकादमाच्या हाती देण्याऐवजी दवाखान्याच्या दिवसाची भरपाई म्हणून त्या कोयत्याला द्यावेत, अशीही सूचना एका शेजाऱ्याने केली आहे. मुकादम यावर काय म्हणेल, ते ऑक्टोबरमध्ये कळेल.

सहायिका ताई, एक शंका राहिली. गरोदर बाईची नोंद आमच्या उपकेंद्रात केली आणि फेब्रुवारीत टोळी रायबागकडे हलली, तर ती नोंद पुढे कशी न्यायची?


निवृत्त आरोग्य सहायिका (निपाणी):

तिच्या हातात तायी कार्ड, म्हणजे कर्नाटकातले गरोदर मातेचे नोंदीचे कार्ड, द्यायला लावा आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा फोटो तिच्या नवऱ्याच्या मोबाइलमध्ये, मुकादमाच्या मोबाइलमध्ये आणि तुमच्याही मोबाइलमध्ये ठेवा. कार्ड कोपीत भिजते, फाटते, हरवते, फोटो राहतो. टोळी ज्या दिवशी हलेल, त्या दिवशी मुकादमाला पुढच्या गावाचे नाव विचारून आपल्या आशाताईंना सांगा. त्या तिथल्या आशाताईंना फोन करतील. आम्ही नोकरीत असताना हेच करत होतो. रायबागकडे बोलणे कानडीत होईल, म्हणून बाळंतपणाची तारीख आणि हिमोग्लोबिनचा आकडा कार्डावर ठळक लिहून घ्या. आकडे वाचायला दुभाषी लागत नाही.

आणि दादा, मागच्या वर्षीच्या त्या बाईचा नवरा कोणत्या गावचा होता, ते मुकादमाला आताच विचारा. बाळ असेल तर नऊ महिन्यांची लस द्यायची वेळ जवळ आली असेल.